जुन्या बसचे जाम झालेले नट-बोल्ट सोडवताना

जुनी बस गॅरेजच्या अंगणात येऊन उभी राहिली की बघणाऱ्यांचे लक्ष तिच्या उडालेल्या रंगाकडे, फाटलेल्या सीटांकडे आणि बंद पडलेल्या इंजिनाकडे जाते. दुरुस्तीला हात घालणाऱ्याचे पहिले काही महिने मात्र नट, बोल्ट, स्क्रू आणि स्टड (मुंडी नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे) सोडवण्यातच जातात, कारण ते सुटल्याशिवाय पत्रा निघत नाही, सीट निघत नाही आणि इंजिनाचे झाकणही उघडत नाही. हे काम अंगमेहनतीचे दिसते आणि म्हणूनच ते नवख्याच्या हाती दिले जाते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यावर होते.

पुढील माहिती साधारण १९५० ते १९८० या काळातील, पुढे इंजिन असलेल्या आणि लोखंडी चौकटीवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकलेल्या बसगाड्या समोर ठेवून लिहिली आहे. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांनी वर्षानुवर्षे ज्या धाटणीच्या बॉड्या बांधल्या, त्या पाहिलेल्या वाचकाला ही रचना परिचयाची असेल. त्याहून जुन्या बसच्या बॉडीत लाकूडही पुष्कळ असते आणि तेथे आगीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते.

कोणत्याही जाम जोडापाशी बसल्यावर पाना हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे या जोडातील कोणता भाग पुन्हा मिळणार नाही. सीटचा पाय फरशीला जोडणारा बोल्ट कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यामुळे तो कापून टाकण्यात काहीच हानी नाही. इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या ओतीव झाकणात, बसलेला स्टडही नवा मिळतो किंवा लेथवर करून घेता येतो. हेड मात्र तडकले तर त्या मॉडेलचे दुसरे हेड शोधण्यात वर्ष जाऊ शकते. आधाराच्या दांडीचे ओतीव बूड किंवा खिडकीची पकड यांसारख्या वस्तू तर त्या बॉडीबरोबरच संपलेल्या असतात. मी सुरुवातीच्या काळात चार स्क्रू जपून काढण्याच्या हट्टापायी असे एक ॲल्युमिनियमचे बूड पिरगाळून मोडले, आणि मग मोडक्या तुकड्यांवरून लाकडी साचा करून तसेच दुसरे ओतून घेण्यात तीन आठवडे घालवले. ते चार स्क्रू त्या वेळी वीस रुपयांनाही महाग पडले नसते.

जोड जाम होतो म्हणजे काय

लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांमध्ये जी बारीक फट असते तीत पाणी शिरून गंज धरला की तो गंज पाचर ठोकावी तसा दोन्ही बाजूंना दाबत राहतो, आणि म्हणूनच आवळताना हाताने फिरलेला नट वीस वर्षांनी चार फूट पाइप घालूनही हलत नाही. अशा जोडात तेल शिरायलाही वाट उरलेली नसते. त्यामुळे सोडवण्याच्या जवळजवळ सर्व पद्धतींचा उद्देश एकच असतो: गंजाच्या त्या पाचरीला कोठेतरी बारीक तडा पाडायचा आणि त्या तड्यातून तेल आत जाऊ द्यायचे.

ॲल्युमिनियममध्ये बसलेल्या लोखंडी स्क्रूची गोष्ट वेगळी आहे. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असताना त्यांच्यामध्ये खारट ओलावा आला की तेथे विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. स्क्रूभोवती जी पांढरी भुकटी दिसते ती त्या झिजलेल्या ॲल्युमिनियमची असते. मुंबईत किंवा कोकणपट्टीत धावलेल्या बसच्या खिडक्यांखालच्या पट्ट्या उघडल्या की ही भुकटी हमखास सापडते. घाटावरच्या कोरड्या जिल्ह्यातील त्याच वयाच्या बसमध्ये तेच स्क्रू अनेकदा साध्या पेचकसाने निघतात. बस विकत घेण्यापूर्वी ती कोठे धावली हे विचारून ठेवावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

तिसरा प्रकार उष्णतेचा आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीचे, स्टड रोज तापतात आणि निवतात, त्यामुळे त्यांच्यावर काळी, कडक खपली धरते आणि धातू स्वतःही थकलेला असतो. बाहेरून धडधाकट दिसणारा असा स्टड थोड्याशा जोरानेही तुटू शकतो.

हात लावण्यापूर्वीची तयारी

बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात. एअर ब्रेक असतील तर टाक्यांतील हवा सोडून द्यावी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, आणि गाडीखाली जायचे असल्यास ती जॅकवर न ठेवता पक्क्या घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवावी. अडकलेला बोल्ट अचानक सुटतो तेव्हा सारा झटका गाडीला बसतो आणि जॅक सरकतो. डिझेलची टाकी, तिच्या नळ्या आणि जवळचे फेल्ट किंवा रेक्झिन बाजूला केल्याशिवाय गॅसची ज्योत पेटवू नये. पाणी आणि वाळूची बादली जवळ असावी, आणि ज्योतीचे काम संपल्यानंतर निदान एक तास तरी कोणीतरी तेथे थांबावे, कारण पत्र्यामागे धुमसणारे लाकूड किंवा चिंधी लगेच दिसत नाही.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. त्यांच्यावर हवेचा झोत कधीही मारू नये. पाण्याने ओले करून पुसून काढावे आणि योग्य प्रतीचा मास्क लावावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. काही जुन्या बोल्टांवरचा पिवळसर किंवा चंदेरी मुलामा कॅडमियमचा असतो आणि तापवल्यावर त्यांचा धूर विषारी ठरतो. त्याचप्रमाणे क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेल्यास घातक वायू तयार होतो, म्हणून साफसफाईला असा क्लीनर वापरूच नये. डोळ्यांवर चष्मा असणे हा तर नियमच आहे, कारण गंजाची खपली उडते ती नेमकी तोंडाकडे.

प्रत्येक जोडाचे सोडवण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. बोल्ट कोणत्या बाजूने घातला आहे, वायसर किती आहेत, चेकनट आहे की स्प्लिट पिन, हे सारे नंतर आठवत नाही. काढलेला माल जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. निकामी झालेला बोल्टसुद्धा नवा आणेपर्यंत फेकू नये, कारण नमुना म्हणून तोच दुकानात न्यावा लागतो.

आट्यांची ओळख

अनेक बोल्ट गंजामुळे बिघडत नाहीत, ते चुकीच्या पान्यामुळे बिघडतात. बेडफर्ड आणि लेलँड या ब्रिटिश घराण्यातील गाड्यांवर आटे इंचांत असतात, तर टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बांधलेल्या गाड्यांवर ते मिलिमीटरमध्ये असतात. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी धावलेली एसटीची पहिली बस बेडफर्डची होती. त्या पिढीतील एखाद्या गाडीवर काम करायचे असेल तर मेट्रिक पान्यांचा संच जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

इंचातही दोन घराणी आहेत. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आहे. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मान्य केलेल्या युनिफाइड आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे. पन्नाशीच्या दशकातील ब्रिटिश चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, व्हिटवर्थ आणि त्याच घराण्यातील बारीक आट्यांचे, म्हणजे बीएसएफ, बोल्ट आढळतात, नंतरच्या गाड्यांवर युनिफाइड, आणि अनेकदा दुरुस्त्या होत होत एकाच गाडीवर सगळेच. आपल्याकडे जुने फिटर बोल्टचे माप सुतात सांगतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती बोल्ट घेतला तर व्हिटवर्थमध्ये इंचाला १६ आटे, बीएसएफमध्ये २०, जाड युनिफाइडमध्ये १६ आणि बारीक युनिफाइडमध्ये २४ असतात. व्हिटवर्थ आणि जाड युनिफाइड यांची संख्या येथे सारखी असल्याने एकाचा नट दुसऱ्यावर चढतो. कोन मात्र जुळत नाही, आणि मग तो नट जाम झाला असे आपण समजतो. चार सुती मापात हाच गोंधळ १२ आणि १३ आट्यांचा होतो आणि तेथे नट दोन-तीन फेऱ्यांनंतर अडकतो. अशा ठिकाणी तेल घालून उपयोग नाही. आटे मोजण्याची पट्टी, म्हणजे थ्रेड गेज, दोनही कोनांची विकत घ्यावी. तिचा खर्च पहिल्याच आठवड्यात वसूल होतो.

व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो मुंडीच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे अडीच सुती व्हिटवर्थचा पाना तीन सुती बीएसएफच्या मुंडीला बरोबर बसतो. ‘जवळपास बसतो’ म्हणून मिलिमीटरचा पाना लावल्यास मुंडीचे कोपरे गोल होतात आणि साध्या कामाचे अवघड काम होते. बारा कोनी रिंगपेक्षा सहा कोनी सॉकेट मुंडीला अधिक पकडतो. जाम बोल्टसाठी तोच वापरावा.

सोडवण्याची दिशाही तपासावी. अनेक जुन्या अवजड गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. दोन माणसे पाइपला लोंबकळून नट आणखी घट्ट करीत असल्याचे दृश्य मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

पायरीपायरीने

पहिली पायरी स्वच्छतेची आहे. वायर ब्रशने चिखल, रंग आणि सुटा गंज काढावा, नटाच्या बाहेर आलेले आटे विशेष काळजीने घासावेत, कारण नट सुटला तरी त्याला याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचे असते. बाहेरचा भाग फार लांब आणि सडलेला असेल तर तो आधीच करवतीने कापून टाकावा. स्क्रू असेल तर त्याच्या खाचेतील रंग आणि पुट्टी मोडक्या हॅक्सॉ ब्लेडच्या टोकाने खरवडून काढावी. खाच तळापर्यंत मोकळी नसेल तर पेचकस वर सरकतो आणि खाच बिघडते.

दुसरी पायरी तेलाची, आणि तिला वेळ द्यावा लागतो. घरोघरी दिसणारा डब्ल्यूडी-४० हा १९५३ मध्ये मुळात धातूवरील पाणी हटवण्यासाठी तयार झाला. तो निरुपयोगी नाही, पण जाम जोडासाठी खास पेनिट्रेटिंग तेल अधिक चांगले. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि ॲसिटोन सम प्रमाणात मिसळून केलेले घरगुती मिश्रण अनेक जण वापरतात आणि ते कामाचे आहे. मात्र ती दोन द्रव्ये आपोआप वेगळी होतात म्हणून दर वेळी हलवून घ्यावे लागते, ॲसिटोन रंग आणि रबर खराब करते आणि लवकर पेट घेते. हे मिश्रण लावलेल्या जागी त्या दिवशी ज्योत नेऊ नये. तेल कोणतेही असो, ते सकाळ-संध्याकाळ असे तीन ते चार दिवस लावावे आणि प्रत्येक वेळी जोडावर हलके ठोके द्यावेत. मी बस आणल्याबरोबर पहिल्याच दिवशी खालून फिरत जाऊन पुढच्या महिन्याभरात लागणाऱ्या सर्व जोडांना तेल लावून ठेवतो. मग काम कोठूनही सुरू करा.

तिसरी पायरी ठोक्याची. बोल्टच्या मुंडीवर सरळ, अक्षाच्या रेषेत, जाड सुंभा (ठोका पोचवणारा पोलादी दांडा) ठेवून चांगले सणसणीत ठोके द्यावेत. त्यामुळे आट्यांमधील गंज चुरतो. नट असेल तर त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोड्याने मारावे, आणि असे सहाही बाजूंना करावे. हा उपाय पोलादी चौकटीवर आणि चेसिसवर करावा. बिडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतीव भागाला मागून भक्कम टेकू दिल्याशिवाय ठोकू नये.

चौथ्या पायरीवर प्रथमच पाना फिरवायचा, आणि तोही आधी आवळण्याच्या दिशेने. किंचित आवळल्याने गंजाची पकड ज्या बाजूला अजून ताणली गेली नव्हती त्या बाजूने तुटते. त्यानंतर सोडण्याच्या दिशेने सावकाश जोर द्यावा. हाताला जे कळते त्याकडे येथे लक्ष हवे. ‘कर्रर्’ असा कोरडा आवाज होऊन बोल्ट हलला तर तो सुटतो आहे. आवाज न होता पाना लवचिकपणे, लोणी कापल्यासारखा फिरू लागला तर बोल्ट पिळला जात आहे आणि पुढच्या पाव फेरीत तुटेल. तेथेच थांबून तेल आणि उष्णतेकडे परत जावे. पान्यात लांब पाइप घालण्याची आपल्याकडे सवय आहे. तीन सुतीपर्यंतच्या बोल्टला पाइप लावूच नये. त्याऐवजी छोटे-छोटे झटके देणारे इम्पॅक्ट रेंच कमी जोरावर लावले तर बोल्ट तुटण्याची शक्यता कमी राहते.

बोल्ट हलला म्हणजे काम संपले असे समजून तो सरळ बाहेर काढू नये. अर्धी फेरी बाहेर, पाव फेरी आत, पुन्हा तेल, पुन्हा थोडा बाहेर असे करीत राहावे. नाहीतर चुरलेला गंज आट्यांमध्ये साठून घासला जातो, जोड गरम होतो, आणि निम्मा बाहेर आलेला बोल्ट पुन्हा कायमचा अडकतो.

उष्णतेचा वापर

वरील चारही पायऱ्या दोनदा करून पाहिल्यावरही जोड हलला नाही, तर उष्णता. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग इतके प्रसरण पावते. बारा मिलिमीटर छिद्राचा नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी अधिक तापवला तर त्याचे छिद्र साधारण ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु गंजाची पकड मोडायला तो पुरतो. म्हणून ज्योत नटावर किंवा बोल्टभोवतीच्या भागावर धरावी आणि ती झटपट द्यावी, नाहीतर बोल्टही तितकाच तापतो. जागा अडचणीची असेल तर उलट मार्गही आहे: बोल्टची मुंडीच लाल होईपर्यंत तापवावी. चारही बाजूंनी आवळलेला बोल्ट फुगताना गंजाला चिरडतो आणि निवताना आकसून सैल होतो.

तापलेल्या जोडाला मेणबत्ती टेकवण्याची युक्ती जुनी आहे आणि ती खरोखर चालते. वितळलेले मेण आट्यांच्या फटीत ओढले जाते. लाली पूर्ण गेल्यानंतरच मेण लावावे, नाहीतर ते पेटते. मेण लावल्यावर जोड कोमट होईपर्यंत थांबावे आणि मग पाना लावावा.

बिडाच्या भागावर गरम असताना पाणी टाकू नये, तो तडकतो. कमानपाट्यांचे यू बोल्ट, स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे बोल्ट एकदा लाल केले की त्यांचे मूळ बळ गेले असे समजून ते बदलावेत; मुंडीवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असलेल्या कोणत्याही बोल्टबाबत हेच लागू आहे.

ॲल्युमिनियमजवळ ज्योत नेताना मात्र धोका वेगळा आहे. हा धातू ६६० अंशांना वितळतो, आणि त्याआधी तो लाल होऊन सूचना देत नाही. आत्ता चमकत असलेली पट्टी क्षणात खाली गळते. जुने पत्राकाम करणारे यासाठी साबणाचा उपयोग करतात. धातूवर कपड्यांचा साबण घासून ठेवला की साधारण ३५० ते ४०० अंशांच्या आसपास तो तपकिरी होऊन काळा पडतो. आपल्याला इतके तापवायचेच नाही, कारण तेथे पत्रा मऊ पडतो. साबणाचा रंग बदलू लागला की ज्योत बाजूला घ्यावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने दीड-दोनशे अंशांतच पोलादी स्क्रू सैल होऊ शकतो. त्यासाठी हॉट एअर गन पुरते. लहान स्क्रू असेल तर मोठ्या सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याच्या मुंडीवर दोन-तीन मिनिटे टेकवून ठेवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.

जागेनुसार काही सूचना

खिडक्यांच्या चौकटी आणि आतल्या पट्ट्या यांच्या स्क्रूंना हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर लावावा, पण मागे टेकू असेल तरच. पेचकसाचे पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे हवे. दोन प्रयत्नांत स्क्रू हलला नाही तर मुंडी ड्रिलने उडवावी, पट्टी काढून घ्यावी आणि मागे राहिलेला दांडा तेल लावून व्हाइस ग्रिपने फिरवावा. मुंडीचा ताण गेल्यावर तो पुष्कळदा बोटांनीसुद्धा फिरतो.

सीटचे आणि फरशीचे बोल्ट खालून चिखलाने लिंपलेले असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नये. ग्राइंडरने किंवा नट स्प्लिटरने नट कापावा आणि पुढे जावे. ठिणग्या कोठे उडत आहेत तेवढे पाहावे.

कमानपाट्यांच्या शॅकल पिना (पाट्यांची टोके चौकटीच्या हँगरला, म्हणजे आधाराला, जोडणाऱ्या पिना) सोडवण्यापूर्वी गाडीचा भार पाट्यांवरून पूर्णपणे काढलेला असला पाहिजे. ग्रीसचा निप्पल काढून त्या छिद्रातून आधी तेल, मग काही दिवसांनी दाबाने ग्रीस भरून पाहावे; आतली बंद पडलेली वाट उघडली तर पीन सुंभ्याने निघते. ती निघत नसेल तर हातोड्यांचा मारा करून हँगर वाकवण्यापेक्षा हायड्रॉलिक प्रेसवाल्याला बोलावणे स्वस्त पडते.

ब्रेकच्या नळीचा नट फिरताना नळीही बरोबर पिळली जाते. जुनी नळी तशीही बदलायचीच असते, म्हणून ती नटाजवळ कापून नटावर सरळ सहा कोनी सॉकेट बसवावे. ब्लीडरचा, म्हणजे ब्रेकमधील हवा काढण्याचा, निप्पल पोकळ असल्याने सहज तुटतो. त्याच्या छिद्रात नेमका बसेल असा ड्रिलचा मागचा दांडा घालून मग फिरवल्यास त्याला आतून आधार मिळतो.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट काढण्याची घाई सर्वांत महाग पडते. इंजिन चालू होत असेल तर ते दोन-तीन दिवस रोज थोडा वेळ चालवावे, आणि कोमट असताना तेल लावावे. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल पेट घेते. नट सुटत नसेल तर तो लांबीच्या दिशेने छिन्नीने किंवा स्प्लिटरने फोडावा आणि स्टड जागीच ठेवावा. स्टड काढायचाच असेल तर त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून आतल्या नटाला पाना लावावा.

मुंडी किंवा स्टड तुटला तर

प्रथम हात थांबवावा. तुटलेल्या तुकड्याचा थोडा भाग बाहेर असेल तर त्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंगने भरून जोडावा. वेल्डिंगची उष्णता ज्योतीचे काम करते आणि फिरवायला नवी मुंडीही मिळते. लाली गेली की मेण लावून हळूहळू पुढे-मागे हलवावे. पहिला नट बहुधा निसटतो. तिसऱ्या-चौथ्या नटाला स्टड निघाल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून पहिल्या अपयशाने ड्रिल उचलू नये.

तुकडा पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर ड्रिल करावे लागते आणि तेथे सारे काही मध्यबिंदूवर अवलंबून असते. तुटलेले तोंड कानशीने सपाट करावे, सेंटर पंचाची खूण भिंगातून तपासावी, आणि तीन मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने छिद्र वाढवावे. उलट्या दिशेने कापणारे, म्हणजे डाव्या हाताचे, ड्रिल मिळाले तर तुकडा अनेकदा ड्रिल करतानाच बाहेर येतो. बाजारात मिळणारे इझी आउट (तुटलेला बोल्ट बाहेर काढण्याचे उलट आट्यांचे हत्यार) मी नवख्याला सुचवत नाही. ते अतिशय कडक आणि ठिसूळ पोलादाचे असते. आत तुटले तर साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही निघत नाही, आणि मग तो भाग उचलून स्पार्क इरोजनचे, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारे, यंत्र असलेल्या एमआयडीसीतील एखाद्या टूलरूममध्ये न्यावा लागतो.

पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या लहान भागात पोलादी स्क्रू तुटला असेल आणि तो भाग पूर्णपणे बुडवता येत असेल, तर घड्याळजींची पद्धत वापरता येते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात तुरटीचे घट्ट द्रावण करून त्यात तो भाग ठेवावा आणि पाणी उकळीच्या जरा खाली राहील इतके गरम ठेवावे. तुरटी पोलाद खाते, पितळेला आणि ॲल्युमिनियमला सहसा धक्का लावत नाही. याला काही तास किंवा एक-दोन दिवसही लागतात, मधून मधून काळा थर ब्रशने काढावा लागतो, आणि त्या भागात दुसरा कोणताही पोलादी तुकडा राहिलेला नाही याची खात्री करावी लागते, कारण तोही विरघळतो. दरवाजाच्या मुठी आणि घंटीच्या दोरीच्या कड्या मी अशाच सोडवल्या आहेत.

आटे खराब झाले असतील तर नवा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) सरळ घुसवू नये; तो चांगला धातूही कापतो. त्याच मापाच्या जुन्या चांगल्या बोल्टला लांबीच्या दिशेने दोन-तीन खाचा पाडून तो तेल लावून फिरवल्यास आटे केवळ साफ होतात. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावे.

परत बसवताना

एक्झॉस्टच्या स्टडवर पोलादी नटांऐवजी पितळेचे नट वापरावेत, म्हणजे ते पुन्हा चिकटत नाहीत. तेथे आणि चेसिसवरील साध्या बोल्टांवर तांब्याची अँटी-सीझ पेस्ट पातळ लावावी. पेस्ट लावलेला बोल्ट कमी जोरात अधिक आवळला जातो, त्यामुळे पुस्तकात कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) जसाच्या तसा लावल्यास बोल्ट ताणला जातो. पुस्तकात ओल्या आट्यांचा आकडा वेगळा असेल तर तोच घ्यावा. चाकांच्या नटांना आणि ब्रेकच्या भागांना कंपनीने सांगितल्याखेरीज असे काहीही लावू नये.

ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये तांब्याची पेस्ट वापरणे चुकीचे आहे, कारण तांबे ॲल्युमिनियमला आणखी खाते. तेथे लॅनोलिनचे ग्रीस किंवा घट्ट मेण लावावे, मुंडीखाली नायलॉनचे वायसर घालावे आणि पत्र्याच्या छिद्राची कापलेली कड प्रायमरने बंद करावी. खिडकीखालच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी मूळ कारागिरांनी ठेवलेली बारीक छिद्रे बहुतेकदा नंतरच्या रंगाने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करावीत, आणि एक बादली पाणी ओतून ते प्रत्येक छिद्रातून खाली पडते की नाही हे पाहूनच आतली पट्टी बसवावी.

मॅनिफोल्डचे नट इंजिन दोनदा पूर्ण तापून थंड झाल्यावर, आणि कमानपाट्यांचे यू बोल्ट पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा तपासून आवळावेत.